रामण्णांची तुटक रेघ

अक्कांचं कार्ड बडोद्याला पोचलं तेव्हा रामण्णांना जाऊन अकरा दिवस झाले होते. चार ओळींचं कार्ड. ‘हे गेले. सकाळी कॉफी घेऊन विहिरीवर गेले, तिथंच कट्ट्यावर बसले, उठलेच नाहीत. त्रास काही झाला नाही. तुला कळवायचं असं म्हणून ठेवलं होतं.’ अशुभाचं पत्र वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बायकोनं त्यासाठी हातसुद्धा पुढं केला. मी कार्ड खिशात घातलं, ऑफिसला गेलो आणि दिवसभर लोकांशी पाइपांच्या जाडीबद्दल बोलत राहिलो. ‘तुला कळवायचं’ एवढं मात्र मनातून जाईना. मागच्याच वर्षी कामानिमित्त मी दोन दिवस बंगळूरला होतो. मॅजेस्टिकजवळच्या लॉजमध्ये उतरलो होतो, तिथून बसवनगुडीला थेट बस जाते. मी गेलो नाही. वेळ नव्हता, असं तेव्हा स्वतःला सांगितलं... वेळ होता. दुसऱ्या दिवशीची अख्खी दुपार मी कब्बन पार्कात बाकावर बसून काढली होती.

रामचंद्र हलगेकर हे नाव वाचकांपैकी कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. बेळगावकडचे. घरात मराठी, शाळा कानडी, त्यामुळे दोन्ही भाषांत हे सारखेच गप्प, असं अक्का म्हणत. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. साऱ्या गल्लीच्या त्या अक्का आणि हे रामण्णा, म्हणून आमचेही. बंगळूरच्या एका सरकारी अभियांत्रिकी कचेरीत ते नळमार्ग विभागाचे प्रमुख होते. पाणी, तेल, वायू, काहीही जमिनीखालून दूरवर न्यायचं तर नळ नेमका कुठून टाकायचा हे ठरवणं हे आमचं काम. मी पुण्याची डिग्री घेऊन तिथं रुजू झालो तो पन्नासच्या दशकाच्या अखेरीला. पहिल्या दिवशी त्यांनी माझा अर्ज वाचला, चष्म्यावरून मला पाहिलं आणि म्हणाले, “पुण्याचा काय? सरी, बरं. बोलणं येतंय म्हणजे. आता चालणं शिकवतो.”

ते थट्टेनं म्हणाले असावेत असं मला वाटलं. पण महिन्याभरातच माझ्या चपलांचे तळ गेले. रामण्णांचा नियम असा, की ज्या जमिनीवरून नळ जायचा त्या जमिनीवरून आधी माणूस चालत गेला पाहिजे. सरकारी नकाशावर ओढा दिसत नाही, पावसाळ्यात कुठं पाणी तुंबतं ते दिसत नाही, कुणाच्या शेतात कुणाची समाधी आहे ते तर नाहीच नाही. म्हणून चालायचं. चालून झालेला मार्ग कापडावर सलग रेघेनं काढायचा. जिथं अजून कुणी चाललेलं नाही तिथं तुटक रेघ. हा खुलासा आमच्या प्रत्येक नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात ते स्वतःच्या हातानं लिहीत. दुसऱ्या कचेऱ्यांत तुटक रेघेचा अर्थ काहीही असो, आमच्याकडे तो एवढाच होता, आणि त्यात एका बोटाचीही सवलत नव्हती.

कापडावर म्हणालो ते अक्षरशः. आमचे अस्सल नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर निघत. निळसर, मेणचट, कडक कांजी केलेलं अगदी तलम सुती कापड. एखादा नकाशा रद्द झाला की ते कापड कुणाच्याच कामाचं उरत नसे, मग ज्याला हवं तो घरी नेई. अक्का ते ऊन पाण्यात रात्रभर भिजवत. कांजी, शाई, सगळं सुटून जाई आणि खाली असं मऊ कापड उरे की बाजारात मागूनही मिळू नये. त्याचे त्या रुमाल शिवत आणि दर दिवाळीला विभागातल्या प्रत्येकाला एकेक देत. माझ्या थोरल्या मुलाची पहिली झबलीसुद्धा त्याच कापडाची. कुठल्यातरी न झालेल्या नळमार्गाची झबली, असं आम्ही हसायचो.

पुढं आमच्याकडं ते काम आलं. पलीकडच्या देशात, बलुची डोंगरांच्या पायथ्याशी, फाळणीनंतर पाचसहा वर्षांनी जमिनीखाली वायूचा मोठा साठा सापडला होता. तो तिथून नळानं सरहद्द ओलांडून आपल्या पंजाबात आणता येईल का, याचा प्राथमिक मार्ग आखायचा होता. नद्यांच्या पाण्याचं भांडण नुकतंच कागदावर मिटलं होतं, त्यामुळे दोन्हीकडच्या काही शहाण्या माणसांना धीर आला होता. असलं नाजूक काम सरहद्दीपासून शक्य तेवढं लांब व्हावं म्हणून ते बंगळूरला दिलं, असं आम्ही आपसांत म्हणायचो. रामण्णांना मात्र त्यात थट्टा वाटत नव्हती. तेव्हा त्यांची निवृत्ती पाचसहा वर्षांवर आली होती. आयुष्यभर त्यांनी गावांना पाणी पाजलं होतं. ही एक रेघ झाली की मी सुटलो, असं ते म्हणत.

रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जायचो. बसवनगुडीतलं बैठं घर, मागं अंगण, आणि अंगणाच्या भिंतीतच विहीर. निम्मी ह्यांच्या आवारात, निम्मी शेजारच्या शेषप्पांच्या. दोन्हीकडं एकेक रहाट. शेषप्पा निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या फणसाची पानं ह्यांच्या अंगणात पडतात यावरून दोघांचं बिनसलं होतं आणि आठ महिने बोलणं बंद होतं. मी तेव्हा नवा नवा शहाणा. एकदा मी त्यांना तेच ऐकवलं जे दिल्लीतले विरोधक म्हणत होते, की तोटी त्यांच्या हातात राहणार. उद्या त्यांनी ती फिरवली की आपले खताचे कारखाने थंड. आपली मान आपणच दुसऱ्याच्या हातात का द्यायची?

रामण्णांनी विहिरीकडं बोट केलं. शेषप्पांचा दोर गेल्या आठवड्यात तुटला, तेव्हा यांनी आपला जादा दोर भिंतीवर ठेवला. बोलले नाहीत. शेषप्पांनीही तो न बोलता उचलला. मग ते सावकाश मला समजावू लागले. तेल जहाजात घालून कुठूनही आणता येतं आणि कुणालाही विकता येतं. वायूचं तसं नाही. नळ एकदा जमिनीत पुरला की देणाराही त्या नळाला बांधला गेला आणि घेणाराही. तोटी त्यांच्या हातात हे खरं, पण तो वायू घेणारं दुसरं दार त्यांना तरी कुठं आहे? चुली आपल्या विझतील तसे त्यांचेही हात रिकामे राहतील. म्हणून दोघंही दहा वेळा विचार करतील. “आठ महिने बोलत नाही आम्ही,” ते म्हणाले, “पण विहिरीत कोण थुंकलंय काय? सांग की.” 

आमच्या बाजूचा मार्ग आम्ही दोघं चाललो. दोन हिवाळे. रामण्णा पुढं, हातात वही, मागं मी, आणि माझ्यामागं सामानाचा उंट. शेवटच्या दिवशी आम्ही शेवटच्या शेतापर्यंत आलो. पुढं सरहद्दीचा दगड आणि दगडापलीकडं तसंच शेत. तिकडचा एक म्हातारा नांगर धरून होता. दगडापाशी आला की तो बैल वळवी आणि परत जाई. रामण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग आपल्या दिव्य हिंदीत त्यांनी त्याला हाक घालून विचारलं की पुढं जमीन कशी आहे. म्हाताऱ्यानं नांगर थांबवून उत्तर दिलं, दोन शेतं रेताड आहे, मग खारवट, मग कालवा. रामण्णांनी ते वहीत उतरवलं आणि समोर लिहिलं, ‘ऐकीव’. आता एवढं तरी सलग रेघेत घेऊ या का, असं मी विचारलं. सांगणारा तिथलाच होता, रोज त्यावर चालणारा होता. रामण्णा म्हणाले, “तो चाललाय. आपण नाही चाललो.”

त्यामुळे नकाशा असा झाला, की सरहद्दीपर्यंत ठसठशीत सलग रेघ आणि पुढं दोन हात लांब तुटक रेघ. पलीकडच्या लोकांनी मार्ग कागदोपत्री सुचवला होता. परवानगी मिळाली की तिकडचे आणि आपले मिळून तो चालायचे होते. ते रामण्णांचं स्वप्न म्हणा. तेवढ्यासाठी त्यांनी नव्या चपला करून घेऊन ठेवल्या होत्या.

आता मला जे सांगायचं आहे त्याशी येतो. इतका वेळ मी टाळतोय हे वाचकांच्या लक्षात आलं असेल.

पासष्टच्या लढाईच्या आदल्या वर्षीचा कार्तिक. दिल्लीत दोन्हीकडच्या इंजिनिअरांची बैठक ठरली आणि नकाशाची स्वच्छ प्रत नव्या कापडावर काढायला मी बसलो. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या मोठ्या नंदीपाशी शेंगांची जत्रा भरते. खेड्याखेड्यांतून शेतकरी नव्या शेंगांचे ढीग आणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडतात. लग्नानंतरचं आमचं ते पहिलंच वर्ष, आणि बायकोला मी जत्रेचं कबूल केलं होतं. पाच वाजायला आले तरी पलीकडचे दोन हात राहिलेच होते. तुटक रेघ काढणं म्हणजे किचकट काम. पाव इंच ओढायची, पेन उचलायचं, मोजून जागा सोडायची, परत टेकवायचं. सलग रेघ म्हणजे पट्टी धरली आणि पेन सोडलं. शिवाय खरं सांगायचं तर माझ्या हाताचा मला गर्व होता. ती अर्धी भक्कम, अर्धी ठिगळठिगळ रेघ मला दरिद्री वाटायची. दिल्लीला जायचंय, नीट दिसू दे की... मी पट्टी धरली आणि पेन सोडलं. दहा मिनिटांत झालं. कोपऱ्यातल्या ‘रेखाटणारा’ या चौकटीत सही करायचीही घाईत राहून गेली.

रामण्णा एकेक नकाशा तीन तीन दिवस तपासत. त्या दिवशी अक्कांना ताप होता, त्यांनाही लवकर घरी जायचं होतं. त्यांनी गुंडाळी निम्मी उलगडली आणि विचारलं, सगळं पहिल्यासारखंच आहे ना. मी म्हणालो, “हो. मी पाहिलंय.” त्यांनी ‘तपासणारा’ या चौकटीत सही केली. माझ्या शब्दावर त्यांनी न बघता केलेली ती एकुलती एक सही. मी जत्रेला गेलो. शेंगा गोड होत्या, ते अजून आठवतंय याची लाज वाटते.

दिल्लीत काय झालं ते रामण्णांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्याबरोबर गेलेल्या कारकुनानं सांगितलं. टेबलावर नकाशा उलगडला. पलीकडचे मुख्य अभियंता वयस्कर, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कोपऱ्यातला खुलासा वाचला, मग रेघेवरून बोट फिरवत नेलं आणि शांतपणे विचारलं, की हलगेकरसाहेब, आमच्या मुलखात तुमचं कोण चालून गेलं? रामण्णांनी रेघ तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ती चूक आहे, असं ते म्हणाले. पण त्यांच्याच अक्षरातला खुलासा वर त्यांची सही घेऊन बसला होता. चोरून पाहणी केली, असा अर्थ तिकडच्यांनी काढला. आणि इकडं ज्यांना ही योजना मुळातच नको होती त्यांनी विचारलं, की ह्या माणसाला तिकडची जमीन दाखवली कुणी? बैठक दुसऱ्या दिवशी भरलीच नाही.

चौकशीसाठी दिल्लीहून एक अधिकारी बंगळूरला आले. रामण्णांच्या खोलीत ते बसले होते आणि मी मागितलेल्या गुंडाळ्या घेऊन दारात उभा होतो. नकाशा त्यांच्या मांडीवर पसरलेला. ‘रेखाटणारा’ ही चौकट रिकामी का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मी एक पाऊल पुढं टाकायचं होतं. एकच. बायकोला दिवस गेले होते, नोकरी गेली असती, ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी कारण वगैरे काही नव्हतं, नुसता गुंडाळ्या छातीशी धरून मी दारातच राहिलो. रामण्णांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खिशातलं फाउंटन पेन काढलं, कापड तसंच साहेबांच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि त्या चौकटीत सही केली. “राहिलं होतं,” ते म्हणाले. “रेघ माझीच आहे.”

पुढच्या रविवारी मी सगळं बळ एकवटून बसवनगुडीला गेलो. ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले होते. मी म्हणालो, “रामण्णा, ती रेघ...”

“सही कुणाची हाय?”

“तुमची.”

“मग झालं. न बघता सही केली, ती चूक माझी. मी घेतली. तुझी चूक तुझ्यापाशी राहू दे.” आणि त्यांनी आत हाक मारून अक्कांना माझ्यासाठी कॉफी टाकायला सांगितलं.

ती क्षमा होती की शिक्षा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ती कॉफी मी प्यायलो.

फितुरीचा डाग लागला नाही, पुरावा कशाचाच नव्हता. पण निष्काळजी अशी नोंद झाली आणि रामण्णांना मार्गविभागातून काढून जुन्या नकाशांच्या दप्तरखान्यात बसवलं. त्यांची खुर्ची काही महिन्यांनी मला मिळाली. त्यानंतर पासष्टची लढाई झाली आणि योजनेचं नावसुद्धा कुणी घेईना. माझ्या रेघेनं लढाई झाली असं म्हणण्याइतका मी मूर्ख नाही. ती रेघ तुटक असती तरी नळ पडला नसता, हे मी स्वतःला हजार वेळा समजावलंय. ते खरंही आहे. पण रामण्णांची शेवटची वर्षं धुळीत गेली ती लढाईनं नाही, माझ्या दहा मिनिटांनी गेली. लढाई चालू असताना एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “म्हातारा नांगर धरत असेल काय रे आता तिथं?” मी काहीतरी उत्तर दिलं आणि घाईनं वर गेलो. मग मी जिना बदलला. दप्तरखान्यावरून जाणं नको म्हणून मागच्या बाजूनं जाऊ लागलो. रविवार सुटले. दिवाळीचा रुमाल त्यानंतरही शिपायाच्या हाती येत राहिला. आपल्याकडे गुजरातेत वायू सापडला होताच, तिथल्या कामावर बदली मिळते म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. तिथं माझं नाव झालं. चालल्याशिवाय रेघ मारायची नाही, हा माझा नियम आहे असं तिथले तरुण इंजिनिअर एकमेकांना सांगतात.

कार्ड आल्यावर तीन आठवड्यांनी मी बसवनगुडीला गेलो. अक्का बारीक झाल्या होत्या. भिंतीपलीकडून शेषप्पा विहिरीचं पाणी काढून ह्यांच्या बाजूची घागर भरून ठेवत होते, अक्कांना ओढवत नाही म्हणून. मी बसलो. अक्का उठल्या, आतून एक लांबट गुंडाळी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवली.

“आणलेली सगळी कापडं धुतली बघ मी,” त्या म्हणाल्या. “हे एवढं धुवू दिलं नाही ह्यांनी. दर रविवारी आंघोळ झाली की घेऊन बसायचे. काय करताय म्हटलं तर म्हणायचे, स्वल्प राहिलंय.”

मी गुंडाळी उलगडली. योजना गुंडाळल्यावर रद्दीत निघालेला तोच नकाशा. सरहद्दीपर्यंत माझी सलग रेघ तशीच. त्यापुढं... त्यापुढं ती तुटक झाली होती. रामण्णांनी दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं, कापड फाटू न देता, पाव पाव इंचावर शाई खरवडून जागा मोकळ्या केल्या होत्या. प्रत्येक जागा मोजून सारखी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला माणूस, दोन रविवार मिळून जेमतेम एक जागा होत असेल. तीन वर्षं. सगळी रेघ झाली होती, शेवटची चार बोटं तेवढी राहिली होती. गुंडाळीच्या आत कागदाच्या पुडीत ते ब्लेड होतं. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. तुला द्यायचं असंही त्यांनी म्हटलं नव्हतं, ते अक्कांनी आपणहून दिलं. ‘कळवायचं’ एवढंच काय ते त्यांचं.

कापड मी बडोद्याला आणलं, फळ्यावर टाचलं आणि ती चार बोटं त्यांच्याच ब्लेडनं खरवडून पुरी केली. पाऊण तास लागला. मग कोपऱ्यातल्या चौकटीकडं वळलो. तिथली त्यांची सही काढून माझं नाव घालायचं, एवढंच आता माझ्याकडून होण्यासारखं होतं. ब्लेड टेकवलं, शाई निघेना. कापड उलटून पाहिलं तेव्हा समजलं. ड्रॉइंगची शाई कांजीवर वरच्या वर बसते, म्हणून ती निघते. त्या दिवशी साहेबांसमोर, खाली फळा नसताना, रामण्णांनी फाउंटन पेन इतकं दाबून सही केली होती की निबानं कांजी फोडली, आणि शाई धाग्यांतून पार पाठीमागं उतरली आहे. आणखी खरवडलं तर भोक पडेल. ‘रेखाटणारा : रा. हलगेकर.’ दोन्ही बाजूंनी वाचता येतं.

तिथं लिहिता येत नाही म्हणून इथं लिहितो आहे. ती रेघ मी मारली होती.